नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमला कोणतं टूलकिट?

वाचकाचं पत्र:

«मी गोव्यात साखळीजवळच्या एका शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावात जत्रेला दर वर्षी मराठी नाटक होतं. संहिता टंकून ठेवायची, तिच्यातून प्रत्येक पात्राची नक्कल, म्हणजे त्याच्या वाट्याचे संवाद, वेगळी काढायची, प्रवेशवार प्रॉपर्टीची यादी करायची, एवढं काम करणारा एक प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहिला आहे. तो कमांड लाइनवर चालतो, त्यामुळे माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. आता त्याला नीट खिडक्या, बटणं द्यायची आहेत. विंगेतल्या प्रॉम्प्टरला मोठ्या अक्षरांत संहिता दिसावी अशी एक स्क्रीनही हवी. आणि सगळं मुक्तस्रोत करून इतर गावांतल्या मंडळांना द्यायचं आहे. दिग्दर्शकाकडे विंडोज आहे, शाळेच्या लॅबमध्ये उबुंटू, पार्श्वसंगीत बघणाऱ्या मुलीकडे मॅक. भाचा म्हणतो इलेक्ट्रॉन घ्या, त्याचा मित्र म्हणतो फ्लटर, कोणी सांगतं टीकिंटर पायथनबरोबर फुकट येतं तर दुसरं कशाला? वाचून वाचून डोकं भणाणलं आहे. काय घेऊ?»

सप्रेम नमस्कार,

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. पायसाइड घ्या, म्हणजे पायथनमधून वापरायचं क्यूटी हे टूलकिट (खिडक्या, बटणं वगैरे तयार देणारा संच). त्यातही क्यूएमएल या वेगळ्या भाषेत खिडक्या लिहायच्या वाटेला सध्या जाऊ नका, साधे विजेट्स, म्हणजे तयार बटणं-चौकटी, घ्या. तुमच्या प्रोग्रॅमला याद्या, तक्ते, मजकुराची चौकट आणि छपाई लागते, आणि ही कामं विजेट्स कित्येक वर्षं चोख करत आले आहेत.

आता कारणं. टूलकिट निवडताना लोक बटणं किती देखणी दिसतात ते बघतात, किंवा सध्या कशाची चर्चा आहे ते. मी एकच गोष्ट बघतो: या प्रोग्रॅमला करावं लागणारं सगळ्यात अवघड काम कोणतं, आणि ते काम टूलकिट स्वतः करतं की माझ्या गळ्यात घालतं? तुमच्या बाबतीत ते काम म्हणजे देवनागरी. नुसती दिसणारी नव्हे, तर टंकता येणारी, मधेच खोडता येणारी आणि कागदावर तशीच उतरणारी देवनागरी.

संगणक ‘कि’ साठवतो तेव्हा आधी क आणि मग वेलांटी अशा क्रमाने साठवतो. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या डावीकडे यायला हवी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जायला हवा, त्र आणि य एकत्र आले की त्यांचं नीट जोडाक्षर व्हायला हवं. हे काम आकार जुळवणारं इंजिन करतं. मुक्तस्रोत जगात त्यासाठी हार्फबझ नावाची लायब्ररी आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस हे सगळे तीच वापरतात. क्यूटीत ती आहे, जीटीके या टूलकिटमध्ये पँगो लायब्ररीच्या मार्फत आहे, फ्लटरमध्येही आहे. टीकिंटरच्या मागे जे टीके आहे, त्याच्या लिनक्सवरच्या ८.६ आवृत्तीत मात्र असं इंजिन नाही. विंडोजवर आणि मॅकवर टीकेला त्या त्या प्रणालीची मदत मिळते, म्हणून तिथे देवनागरी ठीक दिसते आणि आपली समजूत होते की काम झालं. मग शाळेच्या लॅबमधल्या उबुंटूवर उघडलं की वेलांटी उजवीकडे आणि जोडाक्षरं सुटी, पाय मोडलेली. तुमची मुलं ज्या पडद्यावर नक्कल वाचणार तोच पडदा फसणार असेल तर टीकिंटर बाद. गेम बनवणाऱ्यांमध्ये डिअर आयएमजीयूआय हे टूलकिट फार आवडतं, तेही याच कारणासाठी तुमच्या कामाचं नाही.

माझ्या शब्दावर विसंबू नका, एक चाचणी स्वतः करून बघा. एका फाईलमध्ये हे शब्द लिहा: दुसऱ्या, ऱ्हास, त्र्यंबक, शृंगार, कर्तृत्व, ज्ञानेश्वर, ॲक्ट, कॉलेज. मराठीचा अर्धा र, म्हणजे ‘दुसऱ्या’तला, हिंदीसाठी केलेल्या चाचण्यांमध्ये येतच नाही, म्हणून तो मुद्दाम ठेवा. आता ही फाईल नुसत्या लेबलमध्ये दाखवू नका, लिहिता येणाऱ्या चौकटीत उघडा. कर्सर ‘त्र्यंबक’च्या मधे न्या. बाणाची कळ दाबल्यावर तो जोडाक्षराच्या पोटात अडकतो का? बॅकस्पेसने फक्त अनुस्वार जातो की अख्खं अक्षर उडतं? इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकून बघा, मग फोनेटिकवर. अर्ध्या ओळीवर माउस ओढून ती निवडा आणि दुसरीकडे चिकटवा. शेवटी पीडीएफ काढा आणि कागदावर छापा. हे तिन्ही प्रणालींवर केलंत की टूलकिटबद्दलचे निम्मे वाद तुमच्यापुरते मिटतील.

फाँटचा विषय याच्याशीच जोडलेला आहे. समोरच्याच्या मशीनवर कोणता देवनागरी फाँट असेल यावर भरवसा ठेवू नका. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी प्रोग्रॅमबरोबरच द्या. दोन्ही एसआयएल ओपन फाँट लायसन्सखाली आहेत, त्यामुळे वाटायला अडचण नाही, फक्त त्यांची परवान्याची फाईल सोबत ठेवा. क्यूटीत सुरुवातीलाच एका ओळीत फाँट नोंदवता येतो, वापरणाऱ्याला काहीही बसवावं लागत नाही. आणि गोव्यात आहात, तर आणखी एक लक्षात ठेवा: आज ना उद्या कोणीतरी कोंकणी नाटकाची संहिता घेऊन येणार, आणि तियात्राची असेल तर ती रोमी लिपीत असणार. ã, õ सारखी नासिक्य चिन्हं त्याच फाँटमध्ये आहेत का हे आधीच बघून ठेवा.

आता छपाई. नक्कल ही शेवटी कागदावरचीच वस्तू आहे. नट ती घडी घालून खिशात ठेवतो, तालमीत तिच्यावर खुणा करतो. इथे खरं सांगायचं तर ब्राउझरवाल्यांचं, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्यांचं, पारडं जड आहे. नकलेत आधीच्या पात्राचं शेवटचं वाक्य, म्हणजे क्यू, आणि त्याखाली आपलं भाषण असतं. पान संपताना क्यू खाली राहिला आणि भाषण पुढच्या पानावर गेलं की नटाची पंचाईत होते. एचटीएमएलमध्ये ‘हा तुकडा फोडू नको’ हे एका ओळीत सांगता येतं. क्यूटीच्या मजकूर-दस्तऐवजात ‘या परिच्छेदाआधी किंवा नंतर नवं पान घे’ एवढीच सूचना असते, म्हणून क्यू आणि भाषण मिळून किती उंची होते ते आपण मोजायचं आणि पानावर मावत नसेल तर ती सूचना आपणच द्यायची. मोजायची सोय क्यूटीत आहे. एका संध्याकाळचं काम समजा. बाकी छपाईची खिडकी, छापण्याआधीचं दृश्य, थेट पीडीएफ, हे सगळं क्यूटीत तयार आहे.

मग इलेक्ट्रॉनच का नको, असं भाचा विचारेल. त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. देवनागरी तिथे उत्तम दिसते, छपाईचं वर सांगितलंच, आणि वेब येणारी मुलं पैशाला पासरी मिळतात. पण इलेक्ट्रॉनचा प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःचं अख्खं क्रोमियम ब्राउझर सोबत घेऊन फिरतो. मंडळांकडे असतात ते चार जीबी रॅमचे, कोणाच्या तरी घरून आलेले लॅपटॉप. त्यावर ब्राउझर, गाण्यांचा प्रोग्रॅम आणि तुमचा प्रोग्रॅम एकत्र उघडले की मशीन कुरकुरतं. माझं खरं कारण मात्र वेगळं आहे. इलेक्ट्रॉनची नवी मुख्य आवृत्ती दर आठ आठवड्यांनी येते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या शेवटच्या तीनच आवृत्त्यांना मिळतात. पगारी माणसं असलेल्या कंपनीला हा वेग झेपतो. शाळा सांभाळून, परीक्षेचे पेपर तपासून उरलेल्या वेळात प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या एका शिक्षकाला तो झेपणार नाही, आणि मला तुमचा प्रोग्रॅम दहा वर्षांनी चालू दिसायला हवा आहे.

टाऊरी हा त्यातला हलका पर्याय. तो मशीनवर आधीच असलेलं वेबव्ह्यू, म्हणजे वेबपानं दाखवणारं इंजिन, वापरतो, त्यामुळे फाईल लहान होते. पण विंडोजवर एक इंजिन, मॅकवर दुसरं आणि लिनक्सवर तिसरं, म्हणजे तीनदा तपासणं आलं, आणि मागची बाजू रस्ट भाषेत. फ्लटर २०२२ पासून तिन्ही डेस्कटॉप प्रणालींवर स्थिर आहे आणि चांगलं आहे, पण ते डार्ट भाषेत. तुमचा चालता पायथन कोड बाजूला ठेवून पुन्हा लिहायला घ्यायचा, तेही छपाईसाठी वेगळं प्लगइन शोधत, याला मी तयार होणार नाही.

डब्ल्यूएक्स-विजेट्सबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. १९९२ मध्ये एडिनबरा विद्यापीठात सुरू झालेलं हे टूलकिट त्या त्या प्रणालीची स्वतःची बटणं, स्वतःच्या याद्या वापरतं. अंध व्यक्तींच्या स्क्रीन-रीडरला ती बटणं आधीपासून ओळखीची असतात. विंडोजवरचा एनव्हीडीए हा मुक्तस्रोत स्क्रीन-रीडर स्वतःच्या खिडक्यांसाठी डब्ल्यूएक्स-पायथनच वापरतो, यावरून काय ते समजा. तुमच्या मंडळात कोणी दृष्टिहीन कलाकार किंवा गायक असेल आणि तो हा प्रोग्रॅम रोज वापरणार असेल, तर डब्ल्यूएक्सचा विचार गंभीरपणे करा. क्यूटीच्या विजेट्सनाही स्क्रीन-रीडरचा आधार आहे. मात्र प्रत्येक चौकटीला नाव द्यायची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी लागते, आणि ती पाळाच. जीटीके चारच्या बाबतीत विंडोजवर ही बाजू बराच काळ रिकामीच होती. तसं जीटीके मला प्रिय आहे आणि सगळे उबुंटूवर असते तर मी तेच सुचवलं असतं, पण त्याचं घर लिनक्स. विंडोजवर पायथनसकट ते बसवताना नवख्या माणसाचा धीर सुटतो.

परवान्याकडे वळू, कारण मुक्तस्रोत करायचं म्हणता. क्यूटीला पायथनमधून हाक मारायच्या दोन वाटा आहेत: पायक्यूटी आणि पायसाइड. कोड जवळजवळ सारखाच दिसतो. पायक्यूटी जीपीएल ३ खाली (त्यावर बांधलेला प्रोग्रॅमही त्याच अटींवर खुला ठेवायचा) किंवा पैसे भरून, पायसाइड एलजीपीएल या सैल परवान्याखाली आणि खुद्द क्यूटी कंपनीकडून. तुम्ही तुमचा प्रोग्रॅम जीपीएलखाली दिलात तर दोन्ही चालतील. उद्या एखाद्याला तुमचा नक्कल काढणारा भाग एमआयटी परवान्याखाली वेगळा वापरावासा वाटला तर पायसाइडमुळे वाट मोकळी राहते.

‘उद्या कंपनीने क्यूटी बंद केलं तर?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा. १९९६ मध्ये केडीई हे लिनक्सचं डेस्कटॉप सुरू झालं ते क्यूटीवर, आणि तेव्हा क्यूटीचा परवाना पुरता मुक्त नव्हता. त्या नाराजीतूनच १९९७ मध्ये ग्नोम हे दुसरं डेस्कटॉप उभं राहिलं. १९९८ मध्ये केडीईने क्यूटीची तेव्हाची मालक ट्रोलटेक हिच्याशी करार करून केडीई फ्री क्यूटी फाउंडेशन स्थापन केलं. मालकाने मुक्त आवृत्ती काढणं थांबवलं तर क्यूटी बीएसडी पद्धतीच्या परवान्याखाली खुलं करण्याचा हक्क या फाउंडेशनकडे आहे. नंतर मालकी नोकियाकडे गेली, मग डिजियाकडे, आता क्यूटी कंपनीकडे, आणि हा करार प्रत्येक वेळी टिकला. दुसऱ्या कुठल्या टूलकिटच्या मागे इतकी पक्की कागदोपत्री हमी मला ठाऊक नाही. उणीवही सांगतो: एकाच आवृत्तीला लांब मुदतीच्या दुरुस्त्या २०२१ पासून फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळतात. आपण दर वर्षी पावसाळ्यात, नाटकांचा हंगाम नसताना, नवी आवृत्ती घ्यायची आणि वरची चाचणी पुन्हा करायची. शिवाय संकेतस्थळावरचा इन्स्टॉलर खातं उघडायला लावतो. त्या भानगडीत पडू नका, पायथनच्या पिप या हत्याराने थेट पायसाइड बसतं.

जुनी मशीनं हा आपल्याकडचा खरा प्रश्न. क्यूटी ६ ला विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं आणि पायसाइडची तयार पॅकेजं ६४ बिटचीच आहेत. विंडोज ७ वर क्यूटी ६ चालत नाही, नवं इलेक्ट्रॉन चालत नाही, आणि पायथनसुद्धा ३.८ पर्यंतच. विंडोज १० चा मोफत आधारही मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. तेव्हा एखाद्या मंडळाच्या सात नंबरच्या विंडोजसाठी टूलकिट बदलू नका. मशीन ६४ बिटचं असेल तर त्यावर हलकं लिनक्स घालून द्या. शाळेच्या लॅबमध्ये तुम्ही ते करताच आहात.

तुमच्या हातात एक फार मोलाची गोष्ट आहे आणि पत्रात तुम्ही ती कमतरता म्हणून लिहिली आहे: कमांड लाइनवर चालणारा प्रोग्रॅम. तो मोडू नका. संहिता वाचणं, पात्रं ओळखणं, नक्कल काढणं, हे सगळं एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरमध्ये पायसाइडचं नावही येऊ देऊ नका. खिडक्यांचा कोड त्याला बाहेरून हाक मारेल. वायरशार्कचं उदाहरण बघा. नेटवर्कची तपासणी करणारा हा प्रोग्रॅम जीटीकेवर होता. क्यूटीवर जाण्याची घोषणा २०१३ मध्ये झाली, क्यूटीवरची २.० आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि जुना जीटीकेचा चेहरा पूर्ण निघाला तो २०१९ मधल्या ३.० मध्ये. एवढ्या वर्षांत काम थांबलं नाही, कारण पॅकेट समजून घेणारं इंजिन आधीपासून वेगळं होतं आणि कमांड लाइनवरही चालत होतं. आवाज संपादनाचा प्रोग्रॅम ऑडॅसिटीही आता डब्ल्यूएक्सवरून क्यूटीकडे निघाला आहे. मोठमोठे प्रकल्प टूलकिट बदलतात, तुम्हालाही कधीतरी बदलावं लागेल, म्हणून आजच सोय करून ठेवा. याचा दुसरा फायदा असा की फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला एखादा मुलगा मदतीला आला, तर क्यूटी न शिकताही तो त्या फोल्डरमध्ये काम करू शकेल. जुन्या संहिता श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या फाँटमध्ये, टंकलेल्या असतील, त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करणं हे त्याला द्यायला छान काम आहे.

प्रॉम्प्टरची स्क्रीन: पूर्ण पडदा, काळी पार्श्वभूमी, फिकट पिवळी अक्षरं, नाहीतर विंगेतला उजेड पहिल्या रांगेपर्यंत जातो. पुढची ओळ स्पेसबारने सरकावी, माउस नकोच. इथे एक खाच आहे. प्रवेश चालू असताना लॅपटॉप झोपी जाता कामा नये. इलेक्ट्रॉनमध्ये ही सोय तयार मिळते, क्यूटीत नाही. वेकपाय नावाचं लहानसं पायथन पॅकेज तिन्ही प्रणालींवर हे काम करतं, ते घ्या.

बटणांवरचे शब्द पहिल्यापासून भाषांतराच्या फंक्शनमधून लिहा. मग क्यूटीची हत्यारं ते शब्द आपोआप गोळा करतात आणि मराठी, कोंकणी, इंग्रजी अशा फाईली कोड न जाणणारा माणूसही भरू शकतो. मराठीचं काम तुमच्याच शाळेतल्या भाषेच्या बाईंना द्या. ‘सेव्ह’ ठेवायचं की ‘जतन करा’ हे त्या ठरवतील.

इतरांना द्यायच्या प्रोग्रॅमची बांधणी करताना पूर्ण पायसाइड घेऊ नका, ‘एसेन्शियल्स’ नावाचं पॅकेज घ्या. तुम्हाला न लागणारं वेब इंजिन आणि त्रिमिती वगैरे त्यात नसतं, फाईल बरीच उतरते. पायइन्स्टॉलर या बांधणीच्या हत्याराने एका फोल्डरचं रूप करा, एकाच फाईलचं नको, कारण एकच फाईल दर वेळी उघडताना स्वतःला सोडवत बसते आणि जुन्या डिस्कवर ते जाणवतं. प्रत्येक प्रणालीची बांधणी त्या त्या प्रणालीवरच व्हावी लागते. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर मुक्त प्रकल्पांना तिन्ही मशीनं त्यासाठी फुकट मिळतात. विंडोज अनोळखी प्रोग्रॅमला निळी इशाऱ्याची खिडकी दाखवेल, तिच्यातून पुढे कसं जायचं हे चित्रासह मराठीत लिहून ठेवा, नाहीतर पहिल्याच मंडळाचा फोन येईल. मॅकसाठी ॲपलची नोंदणी वर्षाला ९९ डॉलर आहे. एका मुलीसाठी तो खर्च आत्ता करू नका. तिच्या मॅकवर पायथन घालून थेट कोडवरून चालवून द्या, आणि मॅकवाली आणखी मंडळं आली की पैशांचं बघा.